पेटवणारी तीच, विझवणारीही तीच

एखादी राशी वाढली असे कोणी सांगितले, की पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडून सवयीने तीन प्रश्न बाहेर पडतात. किती वाढली? कोणत्या एककात मोजली? आणि कोठे? तापमान वाढले, तर किती अंश. दाब वाढला, तर किती पास्कल. उत्तर देता येत नसेल, तर ते विधान विज्ञानाचे नव्हे, गप्पांचे. २०२० साली करोनाची साथ आली तेव्हापासून आपल्या कानांवर एक वाक्य सतत आदळत आहे : ‘रोगप्रतिकारशक्ती वाढवा.’ चूर्णाच्या डब्यावर ते असते, सरबताच्या बाटलीवर असते, लहान मुलांच्या दुधात घालायच्या भुकटीवर तर हमखास असते. किती, कोणत्या एककात आणि कोठे, हे मात्र त्या डब्यांवर छापलेले मला अद्याप आढळलेले नाही.

याच्या जोडीला दुसरे एक वाक्य घरोघरी ऐकू येते : ‘सूज आली आहे ना, मग सूज उतरवणारी गोळी घे.’ गंमत अशी, की एकाच घरात सकाळी शक्ती वाढवण्याचे चूर्ण आणि रात्री सूज दाबण्याची गोळी घेतली जाते. या दोन गोष्टी, निदान नावाप्रमाणे तरी, विरुद्ध दिशांना ओढणाऱ्या आहेत, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. कारण सूज ही त्या प्रतिकारशक्तीचीच करणी आहे.

जीवशास्त्र हा माझा विषय नव्हे. तेव्हा या प्रांतात मी का शिरतो, असे कोणी विचारील. पण प्रश्न राशी, दिशा आणि नियंत्रण यांचा आहे, आणि तेथे पदार्थविज्ञानाच्या माणसाला बोलायला जागा आहे असे मला वाटते. माझे म्हणणे थोडक्यात असे : ज्या पेशीच्या आधारावर आपली प्रतिकारशक्ती बरीचशी उभी आहे, तिचे काम नीट पाहिले, तर ‘वाढवा’ आणि ‘दाबा’ हे दोन्ही शब्द तेथे बसत नाहीत. ‘केव्हा?’ आणि ‘कोठे?’ हेच प्रश्न बसतात. आणि शाळेत आपण ही पेशी ज्या पद्धतीने शिकवतो, त्या पद्धतीत हे प्रश्न विद्यार्थ्यांच्या मनात उगवतच नाहीत.

त्या पेशीचे नाव मॅक्रोफेज. ग्रीक भाषेत याचा अर्थ ‘मोठा खाणारा’. आपण तिला महाभक्षी पेशी म्हणू.

प्रथम सूज म्हणजे काय ते पाहू. इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने दाहाची चार लक्षणे लिहून ठेवली : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. बोटात काटा रुतून ठसठसू लागला, की ही चारही लक्षणे तुम्हांला दोन हजार वर्षांनंतर तशीच दिसतील. तेथल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, म्हणून जागा लाल होते. वाहिन्यांच्या भिंतींतून द्रव बाहेर झिरपतो, म्हणून फुगते. आत तयार झालेली काही रसायने आणि वाढलेला ताण मज्जातंतूंना चेतवतात, म्हणून दुखते. आणि उष्णता? पुष्कळांना वाटते, की तेथे काहीतरी जळत असते. तसे नाही. बोटाच्या त्वचेचे तापमान एरवी शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा काही अंशांनी कमी असते. वाहिन्या रुंदावल्या, की आतले ३७ अंश सेल्सियसचे रक्त जास्त प्रमाणात तेथे येते आणि उष्णता आणून सोडते. हा बव्हंशी अभिसरणाचा परिणाम, म्हणजे आमच्याच विषयातला. असो.

हे सारे घडवून कोण आणते? या प्रश्नाचा धागा १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे एली मेच्निकॉफ या रशियन प्राणिशास्त्रज्ञाच्या हाती लागला. ताराशाच्या डिंभकाचे शरीर काचेसारखे पारदर्शक असते. त्यात हिंडणाऱ्या पेशी तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहत असे. एके दिवशी त्याने बागेतल्या झाडाचे बारीक काटे या डिंभकांत टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो, तो काट्याभोवती हिंडत्या पेशींनी दाटी केलेली! ताराशाला हृदय नाही, आपल्यासारख्या रक्तवाहिन्या नाहीत. तरी पेशी जमल्याच. म्हणजे दाहाचा गाभा रक्तवाहिन्यांत नसून या पेशींत आहे, असे अनुमान त्याने काढले. त्या काळी बहुतेक वैद्यांचा समज असा होता, की पुवात दिसणाऱ्या पांढऱ्या पेशी जंतूंना शरीरभर पसरवतात. मेच्निकॉफ म्हणाला, पसरवत नाहीत, गिळतात. १९०८ सालचे नोबेल पारितोषिक त्याला पाउल एर्लिख यांच्या बरोबरीने मिळाले.

आपल्या पाठ्यपुस्तकांत मेच्निकॉफची ही गोष्ट एका शब्दात गोठलेली दिसते. तो शब्द म्हणजे ‘सैनिक’. पांढऱ्या पेशी शरीराचे सैनिक, जंतू शत्रू, ताप आणि सूज म्हणजे रणांगणाचा धूर. शिकवायला हे फार सोपे. चित्रही छान निघते. पण एकदा सैनिक म्हटले, की पुढचा विचार आपोआप ठरतो : सैन्य जितके मोठे तितके बरे. चूर्णाच्या डब्यावरची जाहिरात याच चित्रावर जगते. दुकानदाराला दोष देण्यापूर्वी आपण शिक्षकांनी आपला खडू तपासावा, असे मला वाटते.

आता महाभक्षी पेशी कोठे असतात आणि काय करतात ते पाहा, आणि सैनिक हा शब्द कितपत टिकतो ते तुम्हीच ठरवा.

शरीरातल्या जवळपास प्रत्येक अवयवात त्या कायम वस्तीला असतात. यकृतात त्यांना कुफर पेशी म्हणतात, मेंदूत मायक्रोग्लिया. फुप्फुसातील वायुकोशांत बसून त्या श्वासाबरोबर आलेली धूळ गिळतात. हाड झिजवून त्याला नवा आकार देणाऱ्या पेशीही याच गोतावळ्यातल्या. प्लीहेत आणि यकृतात त्या म्हाताऱ्या तांबड्या पेशी खातात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, आणि माणसाच्या शरीरात दर सेकंदाला अशा वीस लाखांच्या आसपास पेशी मोडीत निघतात. त्यांतले लोह महाभक्षी पेशी काढून परत देतात. दिवसाला सुमारे २० ते २५ मिलिग्रॅम लोह असे फिरून वापरात येते. अन्नातून रोज आत घेतले जाणारे लोह त्या मानाने अवघे एक-दोन मिलिग्रॅम. जंतू नाही, युद्ध नाही, तरी हे काम रात्रंदिवस चालू असते. सैनिकापेक्षा हिशेबी मोडवाला म्हणणे जास्त शोभेल.

एक काळ असा होता, की या सर्व पेशी रक्तातील मोनोसाइट या पेशींपासूनच बनतात असे समजले जाई. २०१० पासून उंदरांवर झालेल्या प्रयोगांनी हे चित्र बदलले. मेंदूतील महाभक्षी पेशी गर्भावस्थेतच, पीतककोशातून, तेथे जाऊन वसतात आणि पुढे आपली संख्या आपणच राखतात. म्हणजे एखाद्या अवयवात दोन प्रकारच्या महाभक्षी पेशी असू शकतात : जुन्या रहिवासी, आणि गडबडीच्या वेळी रक्तातून आलेल्या नव्या. हा भेद पुढे उपयोगी पडणार आहे, तेव्हा लक्षात असू द्या.

काटा रुतला, की पहिली हाक रहिवासी पेशी देते. ती टीएनएफ, इंटरल्यूकिन-१ यांसारखी प्रथिने सोडते. त्यांच्यामुळे रक्तवाहिन्या रुंदावतात, भिंती सैल होतात आणि न्यूट्रोफिल या अल्पायुषी पांढऱ्या पेशी काही तासांत धावून येतात. जंतू गिळून त्या स्वतः मरतात. पू म्हणजे मुख्यत्वे त्यांचाच ढीग. मागोमाग, एखाद्या दिवसाने, रक्तातील मोनोसाइट येतात आणि महाभक्षी बनतात. येथपर्यंतची गोष्ट सैनिकाच्या गोष्टीसारखीच आहे. खरी मौज यापुढे आहे, आणि पुस्तके नेमकी येथे थांबतात.

दाह थांबतो कसा? जंतू संपले की आपोआप ओसरतो, जसा इंधन संपल्यावर स्टोव्ह विझतो, असे पूर्वी मानत. आता आपल्याला माहीत आहे, की दाह विझवावा लागतो. ते एक स्वतंत्र काम आहे. आणि ते करणारी पेशीही महाभक्षीच. मेलेले न्यूट्रोफिल ती गिळते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात मानवी महाभक्षी पेशींना अशा रीतीने मेलेल्या पेशी खाऊ घातल्या. त्याबरोबर टीएनएफसारखी पेटवणारी प्रथिने त्यांच्यातून येणे कमी झाले आणि शांत करणारी रसायने येऊ लागली. घास गिळला आणि सूर बदलला! थोडा विचार केला, तर यातील सोय ध्यानात येते. मेलेले न्यूट्रोफिल पुष्कळ पडले आहेत, याचा अर्थ चकमक उरकत आली आहे. म्हणजे काम संपल्याची खूण त्या कचऱ्यातच आहे.

येथे चिकित्सक विद्यार्थी एक शंका काढील, आणि काढावी. पेटवणारी पेशी आणि विझवणारी पेशी एकच कशावरून? कदाचित पहिली निघून गेली असेल आणि दुसरीच आली असेल. २००७ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी हीच शंका तपासली. उंदराच्या रक्तातील मोनोसाइट पेशींना त्यांनी चमकणारे सूक्ष्म मणी गिळायला दिले. मग स्नायूला इजा केली. चमकणाऱ्या पेशी जखमेत शिरल्या, तेव्हा त्या दाह वाढवणाऱ्या होत्या. काही दिवसांनी पाहिले, तर तेच मणी पोटात असलेल्या पेशी दाह शमवणाऱ्या झालेल्या होत्या. पेशी तीच, काम उलटे. आणि सुरुवातीलाच या पेशी काढून टाकल्या, तर स्नायू नीट भरून येईना.

असाच धडा त्याच्या कितीतरी आधी, १९७५ साली, अमेरिकेत गिनीपिगांवरील प्रयोगांत मिळाला होता. जखमेतील महाभक्षी पेशी औषध आणि प्रतिरक्त वापरून नाहीशा केल्या, तेव्हा जखमेतला कचरा साचून राहिला आणि भरून येण्याचे काम लांबले. २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अ‍ॅक्सोलॉटल या सॅलॅमँडरवर हे करून पाहिले. तुटलेला पाय पुन्हा उगवण्याबद्दल हा प्राणी प्रसिद्ध आहे. महाभक्षी पेशी काढल्यावर पाय उगवेचना. नुसता वण उरला. तेव्हा जी सूज आपल्याला नकोशी वाटते, तिच्याच पोटात डागडुजी करणारा गवंडी बसलेला असतो.

विजेच्या इस्त्रीतील द्विधातुपट्टी तुम्ही अभ्यासली असेल. पट्टी थंड असते तेव्हा मंडल पूर्ण होते. तापली की वाकते आणि तेच मंडल तोडते. जोडणारी तीच, तोडणारीही तीच, आणि तोडण्याची आज्ञा तिला स्वतःच्या कामाच्या परिणामातूनच मिळते. महाभक्षी पेशी शिकवायला मला ही पट्टी सैनिकापेक्षा फार चांगली वाटते. ‘इस्त्रीतील पट्टीची शक्ती वाढवा’ असे कोणी म्हणणार नाही. पट्टी योग्य वेळी वाकली पाहिजे, एवढेच आपण म्हणतो. अर्थात दाखला फार ताणू नये. इस्त्री थंड झाल्यावर पूर्वीसारखीच होते. जखमेची जागा मात्र पूर्वीसारखी होतेच असे नाही, आणि पेशीलाही आपल्यावर काय गुदरले याची आठवण काही काळ राहते.

हा पालट शास्त्रज्ञांच्या ध्यानात आल्यावर त्यांनी जे केले, त्यावर मला थोडी टीका करायची आहे. २००० साली उंदरांवरील कामातून एक वर्गीकरण पुढे आले. दाह पेटवणाऱ्या महाभक्षी पेशींना एम-१ आणि दुरुस्ती करणाऱ्यांना एम-२ असे नाव पडले. दोन्ही पेशी आर्जिनिन हे एकच अमिनो आम्ल वापरतात. पहिली त्यापासून नायट्रिक ऑक्साइड बनवते, जे जंतूंना मारक आहे. दुसरी त्यापासून ऑर्निथिन बनवते, जे ऊती बांधायला उपयोगी पडते. कच्चा माल एक, पक्के माल दोन! कल्पना देखणी होती आणि तिने पुष्कळ संशोधन घडवले, हे मान्य केले पाहिजे. पण देखणी वर्गीकरणे लवकर पाठ होतात आणि उशिरा विसरली जातात. पाहता पाहता एम-१ म्हणजे वाईट आणि एम-२ म्हणजे चांगली, अशी वाटणी होऊन बसली. सैनिक गेले आणि त्यांच्या जागी दोन पक्ष आले, इतकाच फरक.

माणसाकडे वळल्यावर अडचणी दिसू लागल्या. प्रयोगशाळेतील बशीत उंदराची पेटलेली महाभक्षी पेशी भरपूर नायट्रिक ऑक्साइड तयार करते. माणसाची पेशी तशाच बशीत जवळजवळ करतच नाही. २०१४ मध्ये जर्मनीतील बॉन येथील गटाने मानवी महाभक्षी पेशींना एक-दोन नव्हे, तर २८ निरनिराळ्या प्रकारे चेतवले आणि प्रत्येक वेळी कोणती जनुके जागी होतात ते नोंदले. पेशी दोन कप्प्यांत पडल्या नाहीत. त्या एका पटावर विखुरल्या. त्याच वर्षी या विषयातील अनेक जाणत्यांनी मिळून सुचवले, की नुसते एम-१, एम-२ लिहू नका. पेशी कोणत्या प्राण्याची, कोठली आणि तिला कशाने चेतवले तेही लिहा. मला ही सूचना फार आवडते. वर्णपटात तांबडा आणि जांभळा ही दोन नावे आहेत, म्हणून प्रकाश दोनच प्रकारचा असतो असे आपण म्हणत नाही. आपण तरंगलांबी सांगतो.

‘चांगली की वाईट?’ हा प्रश्न किती महागात पडू शकतो, याचे उदाहरण क्षयरोगाने दिले आहे. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जाहीर केला तोही १८८२ सालीच. हा जंतू मोठा लबाड. महाभक्षी पेशी त्याला गिळते, पण तो पोटात मरत नाही. ज्या पुटिकेत तो असतो, तिचा पाचक रसांच्या पिशवीशी होणारा संगम तो अडवतो आणि तेथेच बिऱ्हाड करतो. मग शरीर त्या पेशीभोवती आणखी महाभक्षी पेशींची तटबंदी उभारते. बारीक गाठ बनते आणि जंतू आत वर्षानुवर्षे कोंडून पडतो. माणूस आजारी नसतो. ही तटबंदी उभी राहण्यासाठी टीएनएफ लागते.

तेच टीएनएफ आमवातात सांधे नासवते. लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि मूळचे लुधियानाचे रविंदर मैनी यांनी ते अडवण्याचा उपाय रुग्णांवर यशस्वी करून दाखवला, आणि गेल्या शतकाच्या अखेरीस अशी औषधे बाजारात आली. सांधे आखडलेली माणसे पुन्हा चालू लागली. हा उपकार लहान नाही. पण २००१ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध झाला. असे एक औषध घेतलेल्या ७० रुग्णांना क्षयरोग झाल्याची त्यात नोंद होती, आणि बहुतेकांना तो औषध सुरू केल्यानंतर काही महिन्यांतच झाला होता. सांध्यातली आग विझवताना फुप्फुसातला तट ढासळला होता. तेव्हापासून हे औषध देण्यापूर्वी शरीरात क्षयाचा जंतू दडून बसला आहे का, ते तपासतात. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा भारतात आहे; आपल्याकडे ही तपासणी किती महत्त्वाची, हे सांगायला नको. आता सांगा, टीएनएफ चांगले की वाईट? वाढवायचे की दाबायचे?

उलट टोकाचे उदाहरण पाटीवरच्या पेन्सिलीचे आहे. मध्य प्रदेशातील मंदसौर भागात दगड कापून या पेन्सिली बनत. कापताना उडणारी सिलिकाची धूळ कामगारांच्या फुप्फुसांत जाई. वायुकोशातील महाभक्षी पेशी आपल्या धर्माप्रमाणे ती गिळे. पण सिलिकाचे कण पचत नाहीत. पेशी दाहाची रसायने सोडते आणि मरते, कण मोकळा होतो, दुसरी पेशी तो गिळते, तीही मरते. येथे चकमक संपल्याची खूण कधी मिळतच नाही. वर्षानुवर्षे दुरुस्ती चालू राहते आणि दुरुस्तीचा वणच फुप्फुस आवळून टाकतो. याला सिलिकोसिस म्हणतात. १९८० च्या दशकात अहमदाबादच्या संशोधकांनी या कामगारांतील सिलिकोसिसची तपासणी प्रसिद्ध केली. ज्या पेन्सिलीने आमच्या पिढीने अक्षरे गिरवली, तिची ही किंमत कोणी आम्हांला वर्गात सांगितली नव्हती. जंतू एकही नाही, ‘शक्ती’ भरपूर आहे, आणि माणूस त्या शक्तीनेच गुदमरतो. उपाय एकच होता : धूळ उडू न देणे.

करोनाच्या काळात हे सारे आपण डोळ्यांसमोर पाहिले. २०२० मध्ये चीनमधील शेन्झेन येथे रुग्णांच्या फुप्फुसांतील द्रव तपासला गेला. ज्यांचा आजार बेताचा होता, त्यांच्यात जुन्या रहिवासी महाभक्षी पेशी ठळक दिसल्या. ज्यांचा आजार गंभीर होता, त्यांच्यात रक्तातून नव्याने आलेल्या, दाह पेटवणाऱ्या पेशींनी जागा व्यापली होती. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ऑक्सफर्डच्या नेतृत्वाखाली डेक्सामेथासोन या जुन्या, स्वस्त स्टेरॉइडची मोठी चाचणी झाली. हे औषध दाह दाबते. कृत्रिम श्वसनयंत्रावर असलेल्या रुग्णांत २८ दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण नेहमीच्या उपचारांनी ४१ टक्के होते. या औषधाने ते २९ टक्क्यांवर आले. केवळ प्राणवायू लागणाऱ्यांत २६ वरून २३ वर आले. आणि ज्यांना प्राणवायू लागत नव्हता, त्यांना? काहीच फायदा नाही. उलट आकडा १४ वरून १८ कडे झुकलेला, जरी तो फरक निश्चित ठरावा इतका मोठा नव्हता. औषध एक, मात्रा एक, रोग एक. फरक फक्त वेळेचा.

या चाचणीतील पहिला आकडा सर्वांनी वाचला, तिसरा फार थोड्यांनी. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत सौम्य आजारातही स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या गेल्या. औषधाच्या चिठ्ठीचे छायाचित्र एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाई आणि शेजारी तेच औषध आणी. त्याच उन्हाळ्यात म्युकरमायकोसिस, म्हणजे वर्तमानपत्रांनी ज्याला ‘काळी बुरशी’ म्हटले तो आजार, महाराष्ट्रात आणि देशभर हजारोंना झाला. आटोक्याबाहेर गेलेला मधुमेह आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर ही त्याची ठळक कारणे होती. या बुरशीचे बीजाणू हवेत नेहमीच असतात आणि आपण ते श्वासाबरोबर घेतो. निरोगी माणसाच्या फुप्फुसातील महाभक्षी पेशी ते गिळून रुजू देत नाहीत. साखर आणि स्टेरॉइड या दोहोंनी नेमकी तीच पेशी दुबळी केली. कित्येकांना डोळा गमवावा लागला, कित्येकांना प्राण. ‘दाबा’ या शब्दाची ही किंमत होती, आणि मला वाटते, ती देणाऱ्यांपैकी कोणालाही शाळेत ‘केव्हा?’ हा प्रश्न शिकवला गेला नव्हता.

म्हणून माझी सूचना अगदी साधी आहे. पाठ्यपुस्तक बदलेल तेव्हा बदलेल. तोवर शिक्षकबंधुभगिनींनी दाहाचा धडा ‘जंतू मेले’ या वाक्यावर न संपवता आणखी एक तास चालवावा. फळ्यावर वेळेचा अक्ष काढावा आणि त्यावर कोण केव्हा येते, कोण केव्हा काम पालटते ते मांडावे. परीक्षेत ‘सूज कोणती पेशी आणते?’ या प्रश्नाखाली ‘सूज कोणती पेशी ओसरवते?’ हाही प्रश्न घालावा. दोन्हींचे उत्तर एकच आले, म्हणजे काही विद्यार्थी छपाईची चूक समजून हात वर करतील. तेथून वर्ग खरा सुरू होईल.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांला या पेशीचे काम पाहायला सूक्ष्मदर्शक नको. खेळताना मुका मार लागला आणि कातडीखाली रक्त साकळले, की वहीत रोज तारीख घालून त्या डागाचा रंग लिहा. रंगीत पेन्सिलीने रंगवलात तर उत्तमच. आधी तांबूस-निळा, मग काळानिळा, काही दिवसांनी कडेने हिरवट, नंतर पिवळट आणि शेवटी फिकट तपकिरी. सावळ्या त्वचेवर या छटा चटकन दिसत नाहीत, तेव्हा दिवसाच्या उजेडात पाहा. हे रंग म्हणजे महाभक्षी पेशींच्या कामाची रोजनिशीच होय. सांडलेल्या तांबड्या पेशी गिळून त्या हीमोग्लोबिन मोडतात. त्याच्या हीम या भागापासून प्रथम बिलिव्हर्डिन हे हिरवे द्रव्य बनते, त्यापासून बिलिरुबिन हे पिवळे, आणि उरलेल्या लोहाचा साठा तपकिरी दिसतो.

आणि कधी दारात बोट चेंगरून नखाखाली रक्त साकळले, तर तोही डाग असाच नोंदवा. तो हिरवा होत नाही, पिवळा होत नाही. नखाबरोबर महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर या गतीने पुढे सरकत काळाच राहतो आणि अखेर नख कापताना निघून जातो. नखाच्या पापुद्र्यात अडकलेल्या त्या रक्तापर्यंत एकही महाभक्षी पेशी पोहोचू शकत नाही.